दुवेची बांगडी

माणसं माणसाला तोंडावरून ओळखतात, अकबरबी हातावरून ओळखायची. पदराआडून, बुरख्याआडून नुसतं मनगट पुढं आलं की ती मान वर न करताच म्हणायची, "काय गं, माहेरावून कव्हा आलीस? हात भरलाय, आईनं तूप चारलेलं दिसतंय." जालन्यात कुंडलिका नदीच्या अल्याड-पल्याड अशी सासुरवाशीण शोधून सापडली नसती, जिचा पंजा अकबरबीनं आपल्या दोन्ही तळव्यांत धरून लोण्यागत मऊ केला नव्हता. मारवाड्यांच्या घरी लाखेचा चुडा असायचा, पण त्याच्या मागंपुढं काचेची भर लागायचीच, आणि ती भर अकबरबीची. तीर्थपुरीच्या बाजाराला ती मोटारीच्या टपावर टोपलं टाकून जायची. सकाळी जाताना टोपलं भरलेलं आणि पोट रिकामं, सांजेला येताना टोपलं रिकामं आणि पोट भरलेलं. कारण बांगड्या भरून घेतल्यावर तिला भाकरी खाऊ घातल्याबिगर कुणी उठू देत नसे.

तिचा एक रिवाज होता. तिच्या सासूचाही होता. डझनभर बांगड्या भरून झाल्या की टोपल्यातली आणखी एक उचलायची, बाईच्या डाव्या हातात चढवायची आणि म्हणायची, "ही दुवेची. बारा तुझ्या, एक अल्लाची. बारातली एखादी वाढवली तर ही हाय." बांगडी फुटली, असं ती कधी म्हणत नसे. या दुवेच्या बांगडीचा दाम घ्यायचा नाही आणि ती मोजतही धरायची नाही. जन्मभर हेच करत आल्यानं हाताला अशी सवय लागली होती, की घरी माळा ओवायला बसली तरी हात बारावर थांबत नसे. तेरावी आपोआप दोऱ्यात जाई, आणि तोंड मात्र म्हणे, "झाला डझन."

अकबरबीचा नवरा मदारसाब जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच पोर, फरजाना. तिला दिली होती चुलत नणंदेच्या पोराला. तो पोरगा पोलीस ॲक्शननंतरच्या धामधुमीत दुसऱ्या एका मामाच्या मागं कराचीला गेला आणि तिथंच एका कापडाच्या गिरणीत चिकटला. निकाहाला आला, आठवडाभर राहिला, फरजानाला घेऊन गेला. स्टेशनावर अकबरबीनं लेकीच्या हातात बांगड्या भरल्या आणि दुवेची चढवताना गाडी सुटली. ती बांगडी अकबरबीच्याच मुठीत राहिली. ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही, पण ती बांगडी विकली नाही, की घातली नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्ष व्हायचं होतं, तेव्हा कराचीहून खबर आली की फरजानाला दिवस गेलेत, चौथा चालू आहे. अकबरबी त्या दिवशी माळ ओवत बसली ती चूल पेटवायची विसरली.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे काय कुराणात लिहिलेलं नाही, की पोथीत. पण जालन्यातल्या मुसलमानाला, मराठ्याला, मारवाड्याला विचारा, सगळे हेच सांगतील. लेक सातव्यात माहेरी यायची, आईनं हिरव्या बांगड्या भरायच्या, बाळंतपण करायचं आणि चाळिसाव्या दिवशी चिल्ल्याचं न्हाणं घालून, नव्या बांगड्या चढवून, पोर मांडीवर देऊन सासरी पाठवायचं. अकबरबीनं गावच्या शेकडो लेकींच्या हातात त्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. आता आपलीच लेक, तर ती समुद्रापल्याड. तिचा कागद पाकिस्तानचा, नवऱ्याला गिरणीतून रजा नाही, आणि पोटुशी बाई बोटीत हिंदकळत येणार कशी.

तीर्थपुरीच्या बाजारात गोजरबाई पाटलिणीला ती हे सांगत होती. गोजरबाईनं हात पुढं धरूनच तोड काढली.

"लेक माहेरी येईना, तर माहेरानं उठून लेकीकडं जावं. हाय काय त्यात? माहेर म्हंजे काय भिंती अस्त्यात व्हय? माहेर म्हंजे तू."

"समुद्र हाय मधी, पाटलीणबाई."

"मंग नावेत बस. दाब थोडं हळू, अंगठा मोडशील माझा."

तिथून अकबरबीच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

सराफ्यामागं भंवरलाल शेठचं घर होतं. त्यांची आडत मोठी, मुंबईला पेढी, आणि पेढीवरचे मुनीम नथमल मुंबईतल्या सगळ्या हापिसांची दारं ओळखून. भंवरलालांची बायको सायरबाई ही अकबरबीची गिऱ्हाईक कमी आणि मैतरीण जास्त. दोघी एका सालात जालन्याला नांदायला आलेल्या. सायरबाई मारवाडातून आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. जी काही शिकली ती बांगड्या भरता भरता अकबरबीकडून. म्हणून शेठाणीच्या बोलण्यात दखनी यायची आणि भंवरलाल चिडवायचे, "हमारी सेठाणी तो आधी मनियार है," म्हणजे अर्धी बांगडीवाली.

शेठजींनी मुंबईला विचारणा केली आणि उत्तर आल्यावर अकबरबीला ओसरीवर बोलावलं.

"हे बघ अकबरबी, विझा मिळतोय. पण महिन्याचा. महिना म्हंजे महिना, वर एक दिस न्हाई. उतरल्या उतरल्या पोलीस ठाण्यात नाव लावायचं, निघताना काढायचं."

अकबरबीनं बोटं मोडली. "आन चिल्ला चाळीस दिसांचा. बाळंतपणाच्या आधी धा दिस तरी जायला पायजे. महिन्यात कसं बसावं शेठजी?"

"बसत न्हाई. म्हणून एक काय ते ठरव. बाळंतपण, न्हाईतर चिल्ला."

त्यावर तिचा भाऊ लालमियाँ, जो स्टेशनावर टांगा हाकायचा आणि बहिणीसोबत जाणार हे स्वतःच ठरवून बसला होता, तो म्हणाला, "आपा, फिकर नक्को करो. धा दिस जास्ती राहू. कोण मोजायला बसलंय?"

"ख्वाजामियाँ दर्ज्याला इच्यार कोण मोजतंय ते," अकबरबी म्हणाली.

ख्वाजामियाँ शिंपी त्यांच्याच गल्लीतला. भावाच्या मयतीला लाहोरला गेला होता, चार दिवस जास्त राहिला. त्याला कुणी धरलं नाही, मारलं नाही. पण पुढं तिकडं आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्यानं पुन्हा अर्ज केला, त्याचं उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा केला, त्याचंही नाही. आई तिकडंच गेली. तो अजून मशीनवर बसून शिवता शिवता मधेच थांबतो आणि विचारतो, "चारच दिस होते ना?"

अकबरबीला एकदा जाऊन परत यायचं नव्हतं. तिला पुन्हा पुन्हा जायचं होतं. एकच लेक, पुढं नातवंडं. दार एकदा बंद झालं की मग कराची काय आणि जन्नत काय, दोन्ही सारखीच लांब.

ती उठायला लागली तेव्हा शेठजी सहज बोलून गेले, "बोट बी रोजची न्हाई ती. मुंबईवून निघती, कराचीला थांबती, तशीच फुडं बसऱ्याला जाती."

अकबरबी अर्धी उठलेली तशीच थांबली. "बसऱ्यावून बगदाद किती लांब?"

"रेल्वे हाय म्हणत्यात. का गं?"

ती खाली बसली. फरजाना लहान असताना तिला देवी आल्या होत्या. अंगावर तीळभर जागा नव्हती. तेव्हा मदारसाबनं नवस बोलला होता, की पोरगी वाचली तर बगदादला गौस पाकांच्या दर्ग्यावर चादर चढवीन. पोरगी वाचली, मदारसाब गेला, नवस राहिला.

"शेठजी," ती म्हणाली, "आधी कराचीला उतरायचं. बाळंतपण झालं, पोराची सहाव्या दिसाची छट्टी झाली, की महिना सरायच्या आत बसऱ्याची बोट धरायची. बगदादला जाऊन चादर चढवायची. येताना पुन्हा कराचीला उतरायचं, तव्हा दुसरा महिना लागल. चिल्ल्याचं न्हाणं त्या महिन्यात. असा दोनदा उतरायचा विझा देत्यात का?"

भंवरलालांनी बायकोकडं पाहिलं. सायरबाई म्हणाली, "बघता काय? लिहा नथमलजींना."

मुंबईहून उत्तर आलं, तसा अर्ज करून बघता येईल. पाकिस्तानला जायचा पासपोर्ट निराळा, इराकसाठी निराळा, इराकवाल्यांचीही मुक्कामाची मुदत आहे, पण जियारतीला, दर्ग्याच्या दर्शनाला, पुरेल एवढी. सगळं जमू शकतं. फक्त बोटींच्या तारखा कधी आठवड्यानं, कधी दहा-अकरा दिवसांनी, तेव्हा आधी नीट आखा.

रात्री घरी आल्यावर अकबरबीला एका गोष्टीनं टोचलं. ती लालमियाँला म्हणाली, "पीराच्या नावानं मी मुदत वाढवून राह्यले. हे बराबर हाय का?"

लालमियाँ घोड्याचा खरारा झटकत म्हणाला, "नवस कुणासाठी बोलला होता भाईजाननं?"

"फरजानासाठी."

"मंग झालं की. पीरांना ठावं हाय कुणाचं काम ते. तुम झोपो."

दुसऱ्या दिवसापासून तिनं आखणी धरली. लिहिता तिला येत नव्हतं, पण मोजता येत होतं, आणि मोजायला घरात बांगड्यांची कमी नव्हती. एका दिवसाला एक बांगडी. समुद्रातले दिवस निळे, कराचीचे हिरवे, बगदादचे पिवळे. कराचीच्या महिन्याला अडीच डझन. तिनं त्या माळा खुंटीला ओळीनं लावल्या आणि रोज सांजेला टोपलं ठेवलं की त्यांच्यासमोर बसायची. हिरव्या माळेत बोटानं चाचपत जायची. इथं बाळंतपण, इथं छट्टी, इथं बोट. दाईच्या हिशेबानं पोर कधी यायचं ते मनात धरून पहिल्या माळेच्या मधोमध तिनं लाल दोरा बांधला होता. बोटी अधूनमधूनच असल्या तरी माळेच्या शेवटच्या टोकाला बरोबर एक बसऱ्याची बोट येत होती. जणू तिच्यासाठीच सोडली होती.

गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. कुणी म्हणे, "अकबरबी, परवा तू अरबस्तानात होतीस, आज माघारी बसऱ्याला कशी?" तर ती हसून एक बांगडी पुढं सरकवायची.

तिकिटं काढायला सांगायच्या आदल्या दिवशी ती माळा पदरात घेऊन सायरबाईकडं गेली. शेठजींनी बोटींच्या तारखांना पंचांगावर खुणा करून ठेवल्या होत्या. सायरबाई पंचांग घेऊन बसली, आणि पहिली हिरवी माळ हातात घेऊन एक एक बांगडी सरकवत तारखांवर नख ठेवत गेली. सूनबाई सुगन दळण निवडता निवडता बघत होती.

शेवटाला सायरबाईचं नख थांबलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

"अकबरबी, कराचीचे किती दिस?"

"महिना. अडीच डझन."

"अडीच डझन म्हंजे तीस."

"हां मंग. तीसच."

"बत्तीस हायेत."

"काय तरीच. मी ववल्या हायेत माझ्या हातानं."

"तुझ्या हातानं ववल्या हेच तर झालं," सायरबाई म्हणाली. "अगं, डझनाला एक, डझनाला एक, दोन दुवेच्या बी ववल्यास तू."

सुगनला आधी हसू आलं. मग अकबरबी हसली, सायरबाई हसली. मग पंचांगाकडं नजर गेली आणि तिघींचं हसू एकदमच ओसरलं. माळेच्या टोकाला जी बसऱ्याची बोट येत होती, ती बत्तिसाव्या बांगडीवर होती. तिसाव्या बांगडीवर बोट नव्हती. तिच्या आधीची बोट पार लाल दोऱ्याजवळ, म्हणजे पोर जन्मायच्या सुमाराला.

अकबरबीनं माळ मांडीवर घेतली. बराच वेळ ती दोऱ्याची गाठ चोळत राहिली.

"दोन दिस," लालमियाँ दारातून म्हणाला. तो टांगा घेऊन बहिणीला न्यायला आला होता. "ताप आलता म्हणून सांगू. डाक्टराची चिठ्ठी आणू."

"ख्वाजामियाँचे चारच होते," अकबरबी म्हणाली. "सरकारला दुवेची बांगडी ठावी न्हाई, लाला. सरकार बारावर थांबतंय."

"मंग जायची बोट बदल," सायरबाई म्हणाली. "मुंबईवून पुढची धर. आठ दिस उशिरा पोहोचशील, मंग ती बसऱ्याची बोट महिन्याच्या पोटात बसती."

"आन आठ दिसांत पोर आलं तर?"

"दाई काय म्हणती?"

"दाई म्हणती, अजून हाय. पण पोर काय दाईला इच्यारून येतंय?"

"न्हाई," सायरबाई म्हणाली. "न्हाई येत. माझं पयलं दोन आठवडे आधी आल्तं. आई मला न्यायला निघालेली, गाडीतच होती."

"मंग काय म्हणली आई?"

"काय म्हणती? आली, पदर खोचला, चुलीपुढं बसली." सायरबाईनं माळेच्या टोकाच्या दोन बांगड्या सोडवून अकबरबीच्या हातावर ठेवल्या. "ऐक माझं. मुदत मोजताना एक कमी धरावी, एक जास्ती न्हाई. वरची एक आपल्या हातात ठेवावी, परक्याच्या न्हाई. लेकीच्या बाळंतपणाला तू असलीस तर सोनं. नसलीस तरी लेक बाळंत हुईल. पण दार उघडं ऱ्हायलं पायजे."

अकबरबीनं त्या दोन बांगड्या मुठीत धरल्या. जन्मभर सगळ्यांना दिलेली जास्तीची बांगडी पहिल्यांदा तिच्याकडं उलटून आली होती, आणि तिची किंमत आठ दिवस होती. कदाचित पोराचं पहिलं रडणं होती.

"पुढची बोट धरा," ती म्हणाली.

पौषाच्या सुमाराला ती दोघं भावंडं निघाली. मनमाडला गाडी बदलली, मुंबईला नथमलजींनी कागद हातात दिले आणि बोटीत चढवलं. लालमियाँनं आयुष्यात घोड्याशिवाय कशावर विश्वास टाकला नव्हता. तो पहिल्या लाटेला आडवा झाला तो कराचीलाच उठला. अकबरबी डेकवर गाठोड्याला टेकून बसली. तिनं निळ्या माळेतल्या बांगड्या एक एक करून हातात चढवल्या, जो दिवस गेला ती एक.

कराचीच्या धक्क्यावर जावई उभा होता. त्याच्या तोंडाकडं पाहूनच अकबरबीला कळलं.

"कव्हा?" तिनं विचारलं.

"परवा सकाळी, मामी. लडकी हुई. दोन्ही ठीक हैं."

परवा सकाळी. परवा सकाळी ती डेकवर बसून बांगडी चढवत होती. आधीची बोट धरली असती तर ती फरजानाच्या उशाशी असती. लालमियाँ काहीतरी बोलणार होता, तिनं हातानं थांबवलं.

"पयले ठाण्यात चला," ती जावयाला म्हणाली. "नाव लावू. मंग घरी."

फरजाना बाजेवर होती. आई दारात दिसल्यावर ती रडली नाही, नुसता हात पुढं केला, लहानपणी करायची तसा. अकबरबीनं तो हात धरला. सुजला होता, गरम होता, आणि मनगटावर एकही काच नव्हती. बाळंतपणात शेजारणीनं काढून ठेवल्या होत्या. अकबरबीनं पदर खोचला, चुलीपुढं बसली, आणि मग तिला सायरबाईच्या आईची आठवण झाली.

पोर लवकर आल्यानं सगळी आखणी हलली, चाळिसावा दिवसही अलीकडं आला. छट्टी लवकर झाली. मग अकबरबीनं माळा काढल्या, पंचांग तोंडपाठ होतंच, आणि ठरवलं: त्या शेवटल्या बोटीची वाट बघायची नाही, मधलीच धरायची. पहिल्या महिन्यातले दिवस वाया गेले तर गेले. पण बगदादहून लवकर फिरलं तरच चाळिसाव्याला इथं असू. शेजारीण आपल्याकडच्या हैदराबादेची होती, तिनं मधले दिवस आपल्यावर घेतले. "जाओ खाला," ती म्हणाली, "हमारी भी फातिहा पढना."

बगदादला अकबरबीनं चादर चढवली. तिथं तिनं फार काही मागितलं नाही. मदारसाबचं नाव घेतलं, उशीर झाला म्हणून माफी मागितली, नातीचं नाव सांगितलं. लालमियाँला तिथल्या टांग्यांची घोडी पाहून राहवत नव्हतं. तो भाषा न येता तिथल्या टांगेवाल्यांशी तासन्‌तास बोलत बसला. मग ती दोघं पुन्हा बसऱ्याच्या बोटीत चढली.

चिल्ल्याचं न्हाणं अकबरबीच्या हातानं झालं. तिनं लेकीला तेल लावलं, ऊन पाणी घातलं, लोबानाचा धूर दिला. मग जालन्याहून आणलेलं गाठोडं सोडलं. फरजानाचा पंजा दोन्ही तळव्यांत घेऊन तिनं तो मऊ केला आणि हिरव्या बांगड्या भरल्या. शेवटाला कमरेच्या बटव्यातून एक जुनी बांगडी काढली. स्टेशनावर गाडी सुटताना मुठीत राहिलेली. तिचा रंग आता इतरांशी जुळत नव्हता.

"ही कवाची हाय अम्मी?"

"तुझीच हाय. उशिरा आली."

त्यापुढचे दिवस भरभर गेले. पोर हसायला लागली. रोजे लागायच्या आत घरी पोचायचं होतं. मुंबईच्या बोटीचा दिवस आला तेव्हा फरजानानं विझाचा कागद हातात घेतला. तिला वाचता येत होतं.

"अम्मी, मुदत उद्यापर्यंत हाय. अजून एक दिस बाकी हाय."

अकबरबी गाठोडं बांधत होती. लालमियाँ खाली टांग्यात बसून टांगेवाल्याला लगाम कसा धरावा ते सांगत होता.

"हाय ना," ती म्हणाली. "राहू दे."

"वाया जाईल की."

"वाया कसा जाईल. त्यो दुवेचा."

फरजानानं आईकडं पाहिलं. मग डाव्या हातातली ती बेरंगी बांगडी तिनं बोटानं मनगटावर वर सारली, कागदाची घडी घातली आणि आईच्या बटव्यात ठेवून दिली.